बिनचहाच्या बाई

मला चहा लागतो. सकाळी उठल्या उठल्या लागतो, आंघोळीनंतर लागतो, आणि मग दिवसभर कुणी विचारलं की नाही म्हणवत नाही. आमच्या घरात यावरून माझी चेष्टा चालते. नवरा म्हणतो, हिला कधी सलाईन लावायची वेळ आलीच, तर बाटलीत चहाच भरावा लागेल. हे आधीच सांगून ठेवते, कारण नाशिक जिल्ह्यातल्या बऱ्याच सरकारी दवाखान्यांत मला ‘बिनचहाच्या बाई’ म्हणून ओळखतात. ते नाव मी डोकेदुखी सोसून मिळवलेलं आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. खोटं कशाला बोलू?

माझं काम काय ते सांगते. सरकारी दवाखाने नीट चालतात की नाही हे बघायला तपासणीचं पथक जातं. त्यात एक अधिकारी असतो, एखादा डॉक्टर असतो आणि लोकांचं म्हणणं गोळा करणारं एक माणूस असतं. ते माणूस म्हणजे मी. नाशिकमधल्या एका छोट्या संस्थेतर्फे मी जाते. डॉक्टर औषधं बघतात, अधिकारी हजेरी बघतात, आणि मी गावात फिरून विचारते की दवाखान्यात तुम्हाला कसं वागवतात, गेल्यावर कुणी भेटतं का, काही अडचण आहे का. नंतर हे सगळं जनसुनवाईत मांडायचं असतं. जनसुनवाई म्हणजे गावकरी आणि दवाखान्याची माणसं समोरासमोर बसतात आणि मध्ये जिल्ह्याचे साहेब असतात. लोकांनी बोलायचं, साहेबांनी ऐकायचं आणि काय करणार ते सगळ्यांदेखत सांगायचं.

कागदावर हे फार छान दिसतं. प्रत्यक्षात लोक बोलत नाहीत. आणि न बोलणाऱ्या माणसांसमोर मला दम निघत नाही. मी तापट आहे. कॉलेजात असल्यापासून आहे, लग्नानंतर कमी होईल असं आईला वाटलं होतं, ते झालं नाही.

मी मूळची मखमलाबादची. आमचा मळा आहे, आता भाऊ बघतो. टोमॅटो, मेथी, कोथिंबीर, बांधावर झेंडू. क्रेट भरताना वडील शेजारी उभे राहायचे. वर लालबुंद टोमॅटो आणि खाली बारका, डागाळलेला माल, हा प्रकार त्यांना मुळीच खपायचा नाही. मार्केट यार्डात व्यापारी बाकीच्यांच्या क्रेटमध्ये कोपरापर्यंत हात घालून बघायचे आणि आमचा क्रेट नुसता बघून बाजूला ठेवायचे. त्या दिवशी वडील घरी येताना जरा जास्तच ताठ चालायचे. तपासणी म्हणजे काय हे मी तिथे शिकले. वरचा थर कुणीही नीट लावतो. हात खाली घालावा लागतो.

तर, गोदाकाठचं एक गाव. नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. द्राक्षं, ऊस, भाजीपाला, बऱ्यापैकी पैसा असलेलं गाव. तिथलं आरोग्य केंद्र म्हणजे दृष्ट लागावी असं. नवा रंग, कुंड्यांत जास्वंद, स्वच्छ फरशी आणि भिंतीभर फलक. तपासणीत फलकांना गुण असतात. लसीकरणाचा फलक, रुग्णांच्या हक्कांचा फलक, साप चावल्यावर काय करावं याचा फलक. या केंद्रात इतके फलक होते की भिंतीचा रंग कोणता ते शोधावं लागे.

आम्ही दवाखान्याच्याच जीपनं गेलो. तिथले डॉक्टर तरुण, नम्र, नुकतं लग्न झालेले. म्हणाले, “आधी चहा.” व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या होत्या. बशीतून बिस्किटं आली, आल्याचा चहा आला, आणि तो उत्तम होता. रस्त्यानं जाणारी येणारी माणसं आमच्याकडे बघत होती. कुणी हात जोडले, आम्हीही हात जोडले. मग केंद्राच्या सेविकेनं मला गावात घरोघर नेलं.

“दवाखाना कसा आहे?” मी विचारायची.

“लय बेस हाय.”

“काही अडचण?”

“काय बी नाय. समदं चांगलं हाय.”

पुढचं घर, तेच. त्याच्या पुढचं घर, तेच. एका आजोबांनी तर मला काही विचारू न देताच सांगून टाकलं की दवाखाना लय बेस आहे.

परत आल्यावर डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. त्यांचा चेहरा उतरला होता. म्हणाले, “मॅडम, सगळे असंच सांगतात. पण बाळंतपणाला कुणी येत नाही. खोली आहे, टेबल आहे, सिस्टर तयार आहे. पोटुशी बाई तपासायला येते, गोळ्या नेते, आणि बाळंतपणाला कुठेतरी लांब जाते, नाहीतर घरीच राहते. का, ते मला कुणी सांगत नाही. तुम्हाला काही कळलं तर सांगा.”

मला काहीच कळलेलं नव्हतं. परतीच्या वाटेवर माझं डोकं तापलं होतं. एवढ्या बायका तोंडावर गोड बोलून मला वाटेला लावतात म्हणजे काय? जीपमध्ये मी एवढी बडबडले की ड्रायव्हरनं रेडिओ लावला.

उत्तर मला मखमलाबादला मिळालं, आणि तेही भाचीला बघायला पाहुणे आले तेव्हा. त्या दिवशी सकाळी भाऊ आणि वहिनी यांचं मोठं वाजलं होतं. न्हाणीघराचं छत गळत होतं, वहिनी पावसाळाभर सांगून थकली होती आणि भाऊ उद्या बघू म्हणत होता. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. पाहुणे आले, पोहे झाले, चहा झाला. मुलाची आई सहज म्हणाली, “घर छान ठेवलंय तुम्ही.” आणि आमची वहिनी तोंडभर हसून म्हणाली, “ह्यांचं सगळं लक्ष असतं घरात. काही म्हणून कमी पडू देत नाहीत.”

भावाला ठसका लागला. मला मात्र लख्ख दिसलं. पाहुण्यांपुढे घरातलं उणं कुणी काढतं का? आम्ही दवाखान्याच्या जीपमधून उतरलो होतो. दवाखान्याच्या व्हरांड्यात, साऱ्या गावादेखत, दवाखान्याचा चहा प्यायलो होतो. गावाच्या लेखी आम्ही दवाखान्याचे पाहुणे होतो. आणि गाव त्या दवाखान्याला आपलं घर समजत होतं, ही तशी डॉक्टरांना आनंद व्हावा अशी गोष्ट होती. बायका खोटं बोलत नव्हत्या. त्या घराची अब्रू राखत होत्या. आम्ही मात्र प्रत्येक गावात आधी चहा प्यायचो आणि मग खरं सांगा म्हणायचो.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात जाहीर केलं की यापुढे दवाखान्याची जीप नको आणि लोकांचं ऐकून होईपर्यंत दवाखान्यातला चहाही नको. सगळे हसले. मी हसले नाही, तेव्हा गप्प झाले.

चहाला नाही म्हणणं किती अवघड असतं हे ज्यानं कधी केलं नाही त्याला कळणार नाही. आपल्याकडे चहा नाकारणं म्हणजे भांडण उकरून काढणं. एका केंद्रातल्या डॉक्टरीण बाईंना वाटलं, मी जातपात बघते. एका ठिकाणी शिपायानं तीनदा कप बदलून आणला, त्याला वाटलं कप स्वच्छ नाही. एका साहेबांनी आमच्या संस्थेत फोन करून विचारलं, “तुमच्या बाईंचा आमच्यावर राग आहे का?” एकीनं मला मधुमेह असणार असं ठरवून बिनसाखरेचा चहा पुढे केला, तेव्हा मला हसू आवरेना. दुपारी डोकं ठणकायचं. स्टँडवरच्या टपरीवर दोन कप एकदम पिऊन मी घरी यायची आणि पुन्हा घरी येऊन प्यायची.

त्या गावात मी परत गेले ती एसटीनं, एकटी. डॉक्टरांनी खुर्ची पुढे केली. “चहा सांगतो.”

“नको.”

त्यांचा चेहरा पडला. “आमचं काही चुकलं का मॅडम?”

“चुकलं असेल तर कळावं म्हणून नको म्हणतेय,” मी म्हणाले. “कळल्यावर घेईन.”

त्यांनी जरा विचार केला आणि मान हलवली. शहाणा मुलगा. त्या क्षणापासून तो मला आवडायला लागला.

दुपारची वेळ होती. गावाबाहेर एका शेडमध्ये बायका कोथिंबिरीच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. संध्याकाळी गाडी भरून माल नाशिकला जाणार होता. मी विचारलं काहीच नाही. चपला काढल्या, एका ढिगाशी बसले आणि जुडी बांधायला घेतली. देठ एका रेषेत आणायचे, पिवळं पान खुडायचं, जुडी मुठीत फिरवायची, सुतळीचा वेढा द्यायचा. हात विसरलेले नव्हते. समोरची बाई बघत राहिली.

“म्याडम, तुम्हाला येतं व्हय हे?”

“मखमलाबादची आहे मी. दूध सुटलं तेव्हा जुडी हातात दिली आईनं.”

हशा पिकला. मग कुणाची लेक कुठे दिली, कुणाचा बोअर आटला, भाव कसा पडला, हे सुरू झालं. माझ्या शेजारी एक पोरसवदा बाई बसली होती, चांगलीच पोटुशी. पलीकडे तिची आई. लेक बाळंतपणासाठी माहेरी आली होती. तिची तीन वर्षांची पहिली मुलगी कोथिंबिरीच्या ढिगात लोळत होती.

मी म्हणाले, “ही इथेच झाली का?”

“हां. इथल्याच दवाखान्यात.”

“आणि आता?”

तिच्या आईनं जुडी जरा जोरातच टाकली. “आता घरी. मी करीन तिचं. माझ्या जावेची दोन मीच केली.”

“सिस्टर काय म्हणते?”

“सिस्टर म्हनती बीपी वाढलंय, घरी करू नका, जीवावर बेतंल. रोज येऊन सांगती बिचारी.”

“मग?”

लेकीनं हातातली जुडी खाली ठेवली. “मी तिथं पुन्यांदा एकटी नाय जानार,” ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. पहिल्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा आई तिला घेऊन दवाखान्यात गेली. आत फक्त पेशंटला घेतात, नातेवाइकाला सोडत नाहीत, तसा नियम आहे. आई बाहेर पायरीवर बसली. सिस्टर आत होती, चांगली होती, पाठ चोळून देत होती. तेवढ्यात साप चावलेला एक माणूस आणला. रात्रीची वेळ, सिस्टर एकटीच होती. ती आलेच म्हणून तिकडे धावली. आणि इकडे हिची वेळ आली. ही हाका मारत होती. कुणी येईना. मूल जन्मलं तेव्हा त्या खोलीत ही एकटी होती. मूल रडलं तेव्हा सिस्टर पळत आली आणि हिच्यापेक्षा जास्त तीच रडली.

“पोरगी वाचली, देवाची किरपा,” तिची आई म्हणाली. “पन गावातल्या समद्या बायांना म्हाईत हाय. कोन जाईल?”

माझ्या अंगाचा भडका उडाला. मी उठलेच, आत्ता जाते आणि त्या केंद्रात जाऊन विचारते म्हणून. त्या मुलीनं माझा हात धरला, कोथिंबिरीच्या ओल्या हातानं.

“सिस्टरला काय बोलू नका, म्याडम. ती लय चांगली हाय. तिची बदली व्हईल. तुमाला माझी आन हाय.”

म्हणजे पेच असा होता. घरी बाळंत झाली तर बीपीनं जीव धोक्यात. दवाखान्यात आईला आत घेणार नाहीत आणि आईशिवाय ती जाणार नाही. आणि हे कुठे बोलावं, तर ज्या सिस्टरनं तिला जपलं तिच्यावरच बालंट येणार. मी खाली बसले. तिला म्हणाले, “जनसुनवाईत तू बोल. सिस्टरविरुद्ध नको. तुला काय हवंय तेवढंच बोल.”

“सायबांपुढं? मी?” ती एवढी हसली की पोट धरावं लागलं.

त्या जनसुनवाईसाठी मी जेवढी भांडले तेवढी स्वतःच्या लग्नातही भांडले नव्हते. नेहमीची पद्धत अशी असते की तहसीलच्या सभागृहात व्यासपीठ असतं, साहेबांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो, चहा फिरतो, माइक फिरतो आणि माइक हातात आला की बाई तो शेजारणीकडे देते. मी म्हटलं, सुनवाई गावात, केंद्राच्याच अंगणात होईल. व्यासपीठ नाही. साहेबही सतरंजीवर. सत्कार नाही, माइक नाही आणि चहा सगळ्यात शेवटी. सरपंच हबकले. त्यांनी शाली आणून ठेवल्या होत्या. म्हणाले, “मोठ्या माणसाला असं कोरडं बसवायचं?” मी म्हटलं, “शाली थंडीत कामाला येतील, ठेवा जपून.” ते माझ्याशी अजून नीट बोलत नाहीत.

साहेब आले. पन्नाशीचे, मनमाडचे, कपाळावर कायमची आठी. सतरंजी बघून आठी वाढली, पण बसले. गाव जमलं. पुरुष पुढे, बाया मागे. मी सुरुवात केली, दोन शब्द बोलले, आणि लोकांना म्हटलं की आता तुम्ही बोला.

कुणी बोलेना.

एका गृहस्थांनी उठून सांगितलं की दवाखाना लय बेस आहे. टाळ्या पडल्या. साहेबांनी घड्याळ बघितलं. मी मागे बायांकडे बघितलं, तर सगळ्या पदर सारखे करताहेत. एवढं भांडून, एवढा चहा सोडून, हे काय पदरात पडलं? मला माझीच लाज वाटायला लागली होती. आणि राग तर होताच, तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं.

तेवढ्यात ती उठली. आईच्या खांद्यावर हात टेकवून, सावकाश. सगळ्या माना तिकडे वळल्या.

“सायेब, एक इचारू का?”

“विचारा ना ताई.”

“तुमच्या बाईसायेबांच्या बाळंतपनात आत कोन व्हतं?”

सरपंचांनी डोळे मिटले. साहेबांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, परत घातला. त्या मिनिटात ते साहेब राहिले नाहीत, कुणाचा तरी नवरा झाले.

“तिची आई होती,” ते म्हणाले. “मनमाडला. मी बाहेर होतो.”

“मंग माझी आई आत का नको?”

मग ती बोलत गेली. आवाज चढवला नाही, रडली नाही, जुडी बांधावी तसं एक एक देठ सरळ करत बोलली. “सिस्टरचा दोष नाय सायेब. ती साप चावलेल्या मानसापाशी व्हती, तो बी वाचला. एका बाईनं दोन जागी कसं ऱ्हावं? पन माझी आई पायरीवर बसून व्हती. तिला काय काम नव्हतं. मी हाका मारत व्हते, त्या तिला ऐकू येत व्हत्या. दारावरचा शिपाई तिला आत सोडत नव्हता. नियम हाय म्हनून.”

मी तिच्या आईकडे बघितलं. त्या बाईनं मान खाली घातली होती आणि हातातली सुतळी बोटाभोवती गुंडाळत होती. लेकीच्या हाका ऐकत पायरीवर बसून राहिलेली ती बाई तीन वर्षं आल्यागेल्या पाहुण्यांना सांगत होती की दवाखाना लय बेस आहे.

साहेब डॉक्टरांकडे वळले. “कुठला नियम?”

डॉक्टर गोंधळले. “साहेब, मी यायच्या आधीपासूनचा आहे. फलक आहे तसा.”

“असा नियम नाही,” साहेब म्हणाले. “उलट सोबत एक बाई असू द्या असं सरकारनंच कळवलंय. कुठे आहे फलक?”

डॉक्टरांनी बोट दाखवलं. आतल्या दाराशेजारी, साप चावल्यावर काय करावं आणि हात कसे धुवावेत यांच्या मधे, निळ्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘नातेवाइकांना प्रवेश बंद’. साहेब उठून जवळ गेले. खाली बारीक अक्षरांत काहीतरी होतं. त्यांनी मोठ्यानं वाचलं, “कोरोना काळापुरते.”

सगळं अंगण हसायला लागलं. कोरोना कधीचा गेला, मास्क गेले, वर्तुळं पुसली, पण तो पत्रा कुणी काढला नाही, कारण फलक काढायचा असतो हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. फलकाला गुण असतात ना! किती पथकं येऊन गेली, सगळ्यांनी तो मोजला. आमच्या पथकानंही मोजला.

सिस्टर तोवर भिंतीला टेकून उभी होती. ती पुढे आली. “साहेब, मलाही हाताशी कुणीतरी हवंच असतं,” एवढंच म्हणाली आणि शिपायाकडून पक्कड मागून घेतली. स्क्रू गंजले होते. डॉक्टर मदतीला धावले, मग त्या मुलीची आई उठली, तिनं पत्र्याला खालून धरलं, आणि तिघांनी मिळून तो उपटला. तो पत्रा सध्या बोअरच्या पेटीवर झाकण म्हणून आहे. दुसरी सिस्टर द्यायचं साहेबांनी सगळ्यांदेखत कबूल केलं. ती यायला पुढे बरेच महिने गेले आणि त्यासाठी मी केलेले फोन साहेबांना आयुष्यभर आठवतील, पण आली.

मग चहा फिरला. डॉक्टर स्वतः कप घेऊन माझ्यापुढे आले. “मॅडम, आता तर कळलं.”

“बोलणं झालं,” मी म्हटलं. “व्हायचंय अजून.”

त्यांनी हसून तो कप त्या मुलीला दिला.

घरी येऊन मी नवऱ्याला सगळं सांगितलं, मग लेकीला फोनवर सांगितलं, मग भावाला आणि वहिनीला सांगितलं. रात्री झोप येईना. मी या कामात बरीच वर्षं आहे, मोठमोठ्या परिषदांमध्ये मोठमोठी भाषणं ऐकली आहेत. पण एवढा नेमका प्रश्न मी कधी ऐकला नव्हता, आणि तो विचारला जावा म्हणून सतरंजी मी घातली होती. मला फार अभिमान वाटला. आधी तिचा, मग माझा. मग वाटलं, नुसत्या प्रश्नानं काय होतंय, बीपी अजून तेवढंच आहे. आणि पुन्हा काळजी लागली.

फोन आला तो एका सकाळी, मी कूकर लावत होते. तिची आई होती. फोनवर बोलायची सवय नसल्यानं ओरडूनच बोलत होती. “म्याडम, झाली! दुसरी बी पोरगीच. दोघी बेस हायती. मी आत व्हते!”

शेवटचं वाक्य तिनं दोनदा सांगितलं. मी कूकर तसाच ठेवून सीबीएसचा एसटी स्टँड गाठला.

केंद्रात गेले तर व्हरांड्यात डॉक्टर उभेच होते. चेहरा असा, जणू मूल त्यांनाच झालं होतं. म्हणाले, बीपी मध्येच वाढलं होतं, इंजेक्शन तयार होतं म्हणून बरं, घरी असती तर काही सांगता आलं नसतं. सिस्टर मागून म्हणाली, “आणि मावशी होत्या म्हणून ती घाबरली नाही. मी औषध भरेपर्यंत त्यांनी तिला बोलतं ठेवलं.”

खाटेवर ती झोपलेली नव्हती, बसलेली होती. कुशीत बाळ, पायाशी थोरली. तिची आई उशाशी, पदरानं घाम पुसत. मी तिला विचारलं, “मावशी, आत काय केलंत तुम्ही?”

“काय बी नाय,” ती म्हणाली. “हात धरला. दुसरं काय करनार?”

डॉक्टरांनी दारातून विचारलं, “मॅडम, आता तरी सांगू का चहा?”

“थांबा,” मी म्हटलं. “आधी विचारू तर द्या.” मी वही काढली, पेनचं टोपण काढलं आणि नेहमीच्या आवाजात त्या बाळंतिणीला विचारलं, “दवाखाना कसा आहे?”

“लय बेस हाय,” ती म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. ती हसत होती.

“काही तक्रार?”

“हाय की.” तिनं उजवा हात पुढे केला. मनगटावर आईच्या बोटांचे लाल वळ उठले होते. “आईनं हात लय घट्ट धरला. अजून दुखतोय. लिवा.”

मी लिहून घेतलं. मग चहा मागवला.